मूडबोर्ड (फॅशन छायाचित्रण)

मूडबोर्ड म्हणजे एखाद्या छायाचित्रणाची संकल्पना, रंगसंगती, प्रकाश, वेशभूषा आणि एकूण भाव निश्चित करण्यासाठी जमवलेली चित्रे, कापडाचे तुकडे, रंगांचे नमुने व टिपणे यांची एकत्रित मांडणी होय. जाहिरात, अंतर्गत सजावट, चित्रपट आणि वस्त्ररचना या क्षेत्रांतही मूडबोर्ड वापरला जातो. फॅशन छायाचित्रणात प्रत्यक्ष चित्रणापूर्वी छायाचित्रकार, स्टायलिस्ट, रंगभूषाकार, केशभूषाकार आणि मॉडेल यांच्यात एकवाक्यता घडवून आणणे हे त्याचे मुख्य कार्य असते. फॅशन व छायाचित्रणाच्या अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यांना संकल्पनाधारित चित्रणाचा प्रकल्प करावा लागतो. अशा प्रकल्पात अंतिम छायाचित्रांइतकेच महत्त्व त्यामागील दृश्यसंशोधनाला दिले जाते.

स्वरूप

मूडबोर्ड दोन प्रकारे तयार केला जातो. पहिल्या प्रकारात जाड पुठ्ठ्यावर किंवा फोमच्या फलकावर मासिकांतील कात्रणे, छायाचित्रांच्या प्रती, कापड, दोरा, कागद, वाळलेली पाने अशा वस्तू टाचण्यांनी लावल्या जातात. दुसऱ्या प्रकारात संगणकावर चित्रांची मांडणी केली जाते. २०१० मध्ये सुरू झालेल्या पिंटरेस्टसारख्या संकेतस्थळांमुळे दुसरा प्रकार सर्वत्र रूढ झाला. असे असले तरी कापडाचा पोत, वजन आणि त्यावर पडणारा प्रकाश पडद्यावर नीट कळत नाही. त्यामुळे वस्त्ररचनेच्या अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष फलकाचे महत्त्व टिकून आहे.

मूडबोर्ड हा चित्रसूचीपेक्षा वेगळा असतो. चित्रसूचीत कोणती छायाचित्रे, कोणत्या क्रमाने व कोणत्या चौकटीत घ्यायची याची नोंद असते. मूडबोर्डमध्ये त्या सर्व छायाचित्रांना जोडणारा भाव सांगितलेला असतो.

इतिहास

चित्रे शेजारी शेजारी लावून त्यांच्यातील नाते शोधण्याची पद्धत मूडबोर्ड या शब्दाहून जुनी आहे. जर्मन कलेतिहासकार आबी वारबुर्ग यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत काळ्या कापडाने मढवलेल्या फलकांवर प्राचीन शिल्पे, प्रबोधनकाळातील चित्रे, नकाशे आणि वृत्तपत्रांतील कात्रणे एकत्र लावून 'निमोसिनी' नावाचा चित्रसंग्रह रचला. १९२९ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा हे काम अपूर्ण होते. त्याच्या अखेरच्या आवृत्तीत ६३ फलक आहेत. एखादी शारीरमुद्रा शतकानुशतके वेगवेगळ्या चित्रांतून कशी प्रवास करते हे दाखवणे हा वारबुर्ग यांचा हेतू होता.

फॅशन छायाचित्रणाचा आरंभ सांगताना एडवर्ड स्टायकेन यांनी पॉल प्वारे यांच्या पोशाखांची काढलेली छायाचित्रे अनेकदा आधारभूत मानली जातात. ती एप्रिल १९११ मध्ये 'आर्ट ए देकोरासियाँ' या फ्रेंच मासिकात प्रसिद्ध झाली. त्यापुढील काळात छायाचित्रकारांनी चित्रकला, नाटक, नृत्य व चित्रपट यांतून उघडपणे संदर्भ घेतले. ब्रिटिश छायाचित्रकार सेसिल बीटन मासिकांतील कात्रणे चिकटवलेल्या वह्या बाळगत असत. मार्च १९५१ च्या 'व्होग' मासिकासाठी त्यांनी जॅक्सन पोलॉक यांच्या अमूर्त चित्रांसमोर मॉडेल उभ्या करून छायाचित्रे घेतली.

'हार्पर्स बझार' या मासिकाचे १९३४ ते १९५८ या काळातील कलासंचालक अलेक्सी ब्रोडोविच यांनी छायाचित्रकार व आरेखकांसाठी 'डिझाइन लॅबोरेटरी' हा वर्ग चालवला. रिचर्ड ॲव्हेडॉन आणि अर्व्हिंग पेन हे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी होत. परिचित चित्राची पुनरावृत्ती टाळण्यावर या वर्गाचा भर होता.

संकल्पनाधारित फॅशन छायाचित्रण

व्यापारी सूचीसाठीच्या छायाचित्रात वस्त्र स्पष्ट दिसणे ही मुख्य गरज असते. संकल्पनाधारित छायाचित्रात वस्त्र हे एखादी कल्पना, कथा किंवा भाष्य मांडण्याचे साधन बनते. स्टीव्हन माय्झेल यांची ऑगस्ट २०१० च्या 'व्होग इटालिया'मधील 'वॉटर अँड ऑइल' ही चित्रमालिका याचे ठळक उदाहरण आहे. त्याच वर्षी मेक्सिकोच्या आखातात झालेल्या तेलगळतीच्या पार्श्वभूमीवर तीत मॉडेल क्रिस्टन मॅकमेनामी यांना काळ्या, ओल्या पोशाखात, खडकांवर अडकलेल्या पक्ष्याप्रमाणे दाखवले होते. या मालिकेचे कौतुक झाले, तसेच पर्यावरणीय आपत्तीचा वापर फॅशनसाठी केल्याबद्दल टीकाही झाली.

संकल्पना आणि विषय यांत फरक केला जातो. 'समुद्र' हा विषय आहे, तर 'समुद्राने परत केलेल्या वस्तू' ही संकल्पना आहे. विषयावरून कोणती चित्रे शोधायची हे ठरत नाही. संकल्पनेवरून मात्र ते ठरते, आणि कोणती चित्रे वगळायची हेही ठरते.

संदर्भांची साधने

इतर फॅशन छायाचित्रांवरच आधारलेला मूडबोर्ड सहसा अनुकरणाकडे झुकतो. त्यामुळे संदर्भ फॅशनच्या बाहेरून घेण्याची प्रथा आहे. त्यासाठी पुढील साधने वापरली जातात.

*संग्रहालये.* ब्रिटिश छायाचित्रकार टिम वॉकर यांचे 'वंडरफुल थिंग्ज' हे प्रदर्शन २०१९ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भरले. त्यासाठी त्यांनी संग्रहालयातील वस्तू पाहून दहा नवीन चित्रमालिका तयार केल्या. रंगीत काचेच्या खिडक्या, ऑब्री बिअर्डस्ली यांची रेखाचित्रे, तपकिरीची एक छोटी डबी आणि बायो येथील भरतपटाचे ६५ मीटर लांबीचे छायाचित्र या त्यांच्या संदर्भवस्तूंपैकी काही होत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून स्वामित्वहक्क संपलेल्या कलाकृतींची छायाचित्रे मुक्त वापरासाठी खुली केली आहेत. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनेही असाच मोठा संग्रह महाजालावर उपलब्ध केला आहे.

महाराष्ट्रात मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय व डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, तसेच पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय येथे अशी सामग्री पाहता येते. केळकर संग्रहालयातील दिवे, अडकित्ते, फण्या, वाद्ये व कोरीव दारे यांतून दैनंदिन वापरातील वस्तूंच्या आकारांचा व पोतांचा अभ्यास करता येतो.

*चित्रकला.* कोल्हापुरात जन्मलेले चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी विविध समाजांतील स्त्रियांच्या वेशभूषेची असंख्य चित्रे काढली. ऑटो रॉथफेल्ड यांच्या १९२० मधील 'विमेन ऑफ इंडिया' या पुस्तकातील चित्रे त्यांचीच आहेत. साडी नेसण्याच्या पद्धती, दागिने आणि उभे राहण्याची ढब यांसाठी ती उपयुक्त ठरतात. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुढे अनेक वर्षे तयार केल्या. त्या काळच्या विद्यार्थ्यांनी केलेले हे दृश्यसंशोधनच होते.

*वस्त्रपरंपरा.* येवला व पैठण येथील पैठणी, छत्रपती संभाजीनगर येथील हिमरू, इरकली काठ आणि गोव्यातील कुणबी साडी यांचे विणकाम स्वतःच एक दृश्यसंदर्भ असते. गोमंतकीय वस्त्ररचनाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी लाल चौकडीच्या कुणबी साडीला नव्याने प्रतिष्ठा मिळवून दिली. गोव्याच्या वेशभूषेचा इतिहास सांगणारे त्यांचे 'मोडा गोवा' हे पुस्तक २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

*घरगुती संग्रह व परिसर.* कुटुंबातील जुने छायाचित्रसंच, लग्नपत्रिका, दिनदर्शिका, दुकानांच्या हाताने रंगवलेल्या पाट्या, एस. टी. स्थानके, चाळींचे कठडे आणि जत्रेतील छायाचित्रकारांचे रंगीत पडदे यांचाही समावेश संदर्भांत होतो. ही सामग्री महाजालावर इतरांना सहज सापडत नाही, त्यामुळे तिच्या आधारे केलेले काम इतरांच्या कामासारखे दिसण्याची शक्यता कमी असते.

प्रक्रिया

*संकल्पनावाक्य.* काम एका वाक्यापासून सुरू होते. चित्रमालिका कोणाविषयी आहे, त्या व्यक्तीला काय हवे आहे किंवा तिचे काय हरवले आहे, हे या वाक्यात सांगितले जाते. वाक्य लिहिता येत नसेल, तर संकल्पना अद्याप तयार झालेली नाही असे मानले जाते.

*संकलन.* सुरुवातीला निवड न करता मोठ्या संख्येने चित्रे जमवली जातात. प्रत्येक चित्रासोबत कलावंताचे नाव, वर्ष आणि चित्र कोठे मिळाले याची नोंद ठेवणे आवश्यक असते. महाजालावर कलाकृतींची नावे चुकीची दिली जातात. हातात समई घेऊन ज्योतीवर तळहात धरलेल्या स्त्रीचे 'ग्लो ऑफ होप' हे म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील प्रसिद्ध जलरंगचित्र अनेक ठिकाणी राजा रविवर्मा यांच्या नावावर आढळते. प्रत्यक्षात ते सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी काढलेले आहे. अशी चूक प्रकल्पाच्या टिपणात शिरली, तर पुढचे विश्लेषणही चुकते. ज्या चित्राचा अभ्यास तैलरंगातील पौराणिक परंपरेच्या संदर्भात केला जातो, ते वस्तुतः जलरंगातील प्रकाशाचा अभ्यास असते.

*चित्रवाचन.* जमवलेल्या चित्राविषयी 'आवडले' एवढेच लिहिणे पुरेसे ठरत नाही. त्यातील कोणता घटक उपयोगी आहे हे स्पष्ट करावे लागते. छायाचित्र कसे घेतले गेले याच्या खुणा बहुधा चित्रातच असतात:

- सावलीची कड तीक्ष्ण असल्यास प्रकाशस्रोत वस्तूच्या मानाने लहान किंवा दूर असतो. कड विरघळत गेलेली असल्यास तो मोठा किंवा जवळ असतो.
- नाकाच्या सावलीची दिशा व लांबी यांवरून प्रकाश कोणत्या बाजूने व किती उंचीवरून आला ते कळते.
- डोळ्यांतील प्रकाशबिंदू चौकोनी असल्यास खिडकी किंवा चौकोनी सॉफ्टबॉक्स, गोल असल्यास छत्री किंवा तत्सम साधन वापरल्याची शक्यता असते.
- कॅमेऱ्याजवळचा हात किंवा पाय अवाजवी मोठा दिसत असल्यास छायाचित्र जवळून घेतलेले असते; पार्श्वभूमी मॉडेलच्या अगदी जवळ आल्यासारखी भासत असल्यास ते दुरून, लांब नाभीय अंतराच्या भिंगाने घेतलेले असते.

अशा वाचनामुळे महागड्या स्टुडिओतील परिणाम साध्या साधनांनी कसा साधता येईल याचा विचार करता येतो. उत्तरेकडील खिडकीचा प्रकाश, पांढरी मलमल किंवा बटर पेपरचा पडदा आणि प्रकाश परतवण्यासाठी थर्माकोलची पांढरी शीट ही साधने विद्यार्थी प्रकल्पांत सर्रास वापरली जातात.

*निवड.* संकलित चित्रांपैकी थोडीच अंतिम फलकावर येतात. एकच गोष्ट सांगणारी दोन चित्रे असल्यास एक काढले जाते. उरलेल्या चित्रांची रंग, प्रकाश, देहबोली, वस्त्र व पोत, रंगभूषा व केशभूषा, स्थळ आणि प्रॉपर्टी अशा गटांत विभागणी होते. प्रत्येक चित्राला एकच काम नेमून देण्याची पद्धत उपयुक्त मानली जाते. एकाकडून फक्त प्रकाश, दुसऱ्याकडून फक्त बसण्याची ढब आणि तिसऱ्याकडून फक्त रंग घेतल्यास परिणामी छायाचित्र कोणत्याही एका मूळ चित्राची प्रत राहत नाही.

*चाचणी व चित्रसूची.* मुख्य दिवसापूर्वी स्थळावर जाऊन त्याच वेळेचा प्रकाश पाहणे, उपलब्ध कापडाचा एक तुकडा त्या प्रकाशात ठेवून छायाचित्र घेणे आणि फलकात त्यानुसार बदल करणे हा प्रक्रियेचा भाग असतो. त्यानंतर चित्रसूची तयार होते. चित्रणाच्या दिवशी फलक सर्वांना दिसेल अशा जागी ठेवला जातो. त्यावर नसलेली एखादी गोष्ट अनपेक्षितपणे घडली व ती संकल्पनेशी सुसंगत असली, तर ती स्वीकारली जाते.

उदाहरण: गिरणगाव

मुंबईच्या कापडगिरण्यांचा इतिहास हा विषय घेतल्यास दृश्यसंशोधन कसे पुढे जाते हे पाहता येते. मुंबईतील पहिली कापडगिरणी उभारण्यासाठी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी स्थापन केली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले. त्यानंतर अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या आणि त्यांच्या जागी व्यापारी संकुले व उंच इमारती उभ्या राहिल्या.

'गिरणी कामगार' एवढाच विषय घेतल्यास पडक्या चिमणीसमोर उभी मॉडेल हे पहिले सुचणारे चित्र असते आणि ते अनेकांनी वापरलेले आहे. 'ज्यांनी शहरासाठी कापड विणले त्यांच्या अंगावर कोणते कापड होते' ही संकल्पना घेतल्यास शोधाची दिशा बदलते. संदर्भांत मांजरपाट, लठ्ठा, धोतर व चादर ही गिरणीची कापडे येतात, तसेच स्त्री-कामगारांची कामासाठी घट्ट नेसलेली नऊवारी, कापसाच्या तुसाने पांढरे झालेले केस, यंत्राच्या तेलाचे डाग आणि विटांचा तांबूस रंग येतो. कष्टकरी वस्त्या व बदलते महानगर रंगवणारे ठाण्याचे चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांतून गर्दीतील माणसांची शरीरे व त्यांच्यामधील अंतर अभ्यासता येते. रंगसंगती पांढरा, तेलकट काळा आणि विटकरी या तीन रंगांपुरती राहते. केसांवरील तूस रंगभूषेतून, यंत्रांची लय मॉडेलच्या एकाच हालचालीच्या पुनरावृत्तीतून आणि कापडाची विपुलता न शिवलेल्या लांब तागांतून दाखवता येते.

येथे मूडबोर्डवर एकही फॅशन छायाचित्र नसले तरी फॅशन छायाचित्रासाठी लागणारे सर्व निर्णय घेता येतात.

प्रेरणा, अभिवादन आणि नक्कल

फॅशन छायाचित्रणात जुन्या चित्राचा उघड उल्लेख करण्याची परंपरा आहे. हंगेरियन छायाचित्रकार मार्टिन मुंकाची यांनी १९३३ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर धावणाऱ्या मॉडेलचे छायाचित्र 'हार्पर्स बझार'साठी घेतले आणि स्थिर, कृत्रिम मुद्रांची प्रथा मोडली. रिचर्ड ॲव्हेडॉन यांनी १९५७ मध्ये पॅरिसच्या रस्त्यावर उडी घेणाऱ्या मॉडेलचे छायाचित्र काढून त्याच्या शीर्षकातच मुंकाची यांना अभिवादन केले. हालचाल तीच असली तरी स्थळ, पोशाख, चौकट आणि शहरी भाव ॲव्हेडॉन यांचे स्वतःचे होते. टिम वॉकर यांनी विद्यापीठात जाण्यापूर्वी एक वर्ष सेसिल बीटन यांच्या छायाचित्रसंग्रहावर काम केले आणि पुढे ॲव्हेडॉन यांचे साहाय्यक म्हणून अनुभव घेतला.

भारतात पुष्पमाला एन. यांनी छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासह २००० ते २००४ या काळात केलेल्या 'नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया' या प्रकल्पात रविवर्मा यांच्या चित्रांसह अनेक परिचित स्त्रीप्रतिमा स्वतः साकारल्या. पुनर्निर्मितीतून मूळ प्रतिमेची चिकित्सा करणे हा तिचा उद्देश होता. चेन्नईचे छायाचित्रकार जी. व्यंकट राम यांनी २०२० च्या एका दिनदर्शिकेसाठी दक्षिणेतील अभिनेत्रींना घेऊन रविवर्मा यांची चित्रे पुन्हा उभी केली. दोन्ही प्रकल्पांत मूळ कलावंताचे नाव उघड सांगितलेले आहे.

मूळ न सांगता घेतलेल्या दृश्यांवरून वाद झाले आहेत. फ्रेंच छायाचित्रकार गी बूर्दँ यांच्या मुलाने २००३ मध्ये गायिका मॅडोना यांच्या 'हॉलिवुड' या गीताच्या चित्रफितीत वडिलांच्या छायाचित्रांची नक्कल असल्याचा दावा न्यायालयात केला. डेव्हिड लाशापेल यांनी २०११ मध्ये गायिका रिहाना यांच्या एका चित्रफितीविरुद्ध तशाच स्वरूपाचा दावा दाखल केला. दोन्ही प्रकरणे तडजोडीने मिटली.

भारतीय कायदा

भारतात स्वामित्वहक्क कायदा, १९५७ लागू आहे. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स (१९७८) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कल्पना, विषय किंवा कथाबीज यांवर स्वामित्वहक्क नसतो, तो त्यांच्या विशिष्ट अभिव्यक्तीवर असतो, असे स्पष्ट केले. त्यामुळे 'धावणारी स्त्री' ही कल्पना कोणीही वापरू शकते. एखाद्या छायाचित्राची चौकट, मुद्रा, प्रकाश व रंग यांची एकत्रित नक्कल मात्र उल्लंघन ठरू शकते.

कायद्याच्या कलम ५२ नुसार खासगी वापर व संशोधनासाठी कलाकृतीचा न्याय्य वापर करता येतो. वर्गात किंवा चमूपुरता ठेवलेला मूडबोर्ड आणि सार्वजनिकरीत्या प्रसिद्ध केलेला किंवा ग्राहकाला विकलेला मूडबोर्ड यांची स्थिती त्यामुळे सारखी नसते. कलाकृतींवरील हक्क सर्वसाधारणपणे कलावंताच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्रांसाठीचे वेगळे कलम वगळल्यानंतर छायाचित्रांनाही हीच मुदत लागू झाली. या नियमानुसार धुरंधर यांची चित्रे आज मुक्त आहेत, तर १९६८ मध्ये निधन पावलेल्या हळदणकर यांच्या चित्रांवरील हक्काची मुदत २०२८ च्या अखेरीस संपते.

सामाजिक जबाबदारी

कायद्याने मुक्त असलेला प्रत्येक संदर्भ वापरण्यास योग्य असतोच असे नाही. 'व्होग इंडिया'च्या ऑगस्ट २००८ च्या अंकात ग्रामीण भागातील गरीब व्यक्तींच्या हाती अतिमहागड्या कंपन्यांच्या छत्र्या व पिशव्या दिल्या गेल्या होत्या. मासिकात वस्तूंची नावे व किमती होत्या, पण त्या व्यक्तींची नावे नव्हती. त्यावर देशात व परदेशांत टीका झाली. २०१४ मध्ये मुंबईतील एका छायाचित्रकाराची बसमधील चित्रमालिका २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्काराची आठवण करून देणारी असल्याने तीव्र निषेध झाला आणि ती महाजालावरून काढून टाकण्यात आली. आपला तसा हेतू नव्हता, असे त्या छायाचित्रकाराने सांगितले होते.

या घटनांमुळे संकल्पना निवडताना काही प्रश्न अभ्यासक्रमांत विचारले जाऊ लागले आहेत. चित्रातील वेदना कोणाची आहे, त्या समूहातील व्यक्तींचा चित्रणात सहभाग आहे का, आणि त्यांना श्रेय मिळते का, हे त्यांपैकी काही होत. गिरणगावच्या उदाहरणात माजी कामगार व त्यांच्या कुटुंबीयांशी बोलणे हा शिष्टाचाराचा भाग असतो. शिवाय केस कसे बांधले जात, डबा कशात नेला जाई, संपाच्या काळात कोणते कपडे विकावे लागले, असे चित्रसंग्रहांत न सापडणारे तपशीलही त्यातूनच मिळतात.

मर्यादा व टीका

शोधयंत्रे व समाजमाध्यमे वापरकर्त्याने आधी पाहिलेल्या चित्रांसारखीच चित्रे पुढे आणतात. परिणामी वेगवेगळ्या शहरांतील विद्यार्थ्यांचे मूडबोर्ड एकसारखे दिसू लागतात, अशी टीका केली जाते. पूर्ण झालेल्या, उत्कृष्ट छायाचित्रांनी भरलेला फलक उपलब्ध साधनांशी विसंगत अपेक्षा निर्माण करतो, हा दुसरा आक्षेप आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या चित्रांमुळे यात भर पडली आहे. अशा चित्राला स्थळ, कापड किंवा प्रत्यक्ष प्रकाशस्रोत नसल्याने त्यातील सावल्या व पोत परस्परांशी जुळतीलच असे नाही, आणि चित्रवाचनासाठी त्यांचा उपयोग मर्यादित राहतो.

हे सुद्धा पाहा

- छायाचित्रण
- फॅशन
- महादेव विश्वनाथ धुरंधर
- राजा रविवर्मा
- पैठणी
- स्वामित्वहक्क